रक्तनिदर्शके आणि हृद्‌रोहिणीविकार : हिस्पॅनिक लोकसमूह

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचून त्या अरुंद झाल्या की हृद्‌रोहिणीविकार जडतो. रक्तातील ज्या घटकांच्या प्रमाणावरून या विकाराचा धोका आधीच अजमावता येतो, त्यांना रक्तनिदर्शके म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हिस्पॅनिक समूहात या निदर्शकांची घडण काहीशी वेगळी आढळते. २०२० च्या जनगणनेत या समूहाची संख्या सु. ६.२ कोटी होती. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा, डॉमिनिकन प्रजासत्ताक तसेच मध्य व दक्षिण अमेरिका येथून आलेले लोक व त्यांचे वंशज त्यात मोडतात. बहुतेकांच्या रक्तात स्पॅनिश, स्थानिक आदिवासी आणि आफ्रिकी वारसा कमीअधिक मिसळलेला आहे. मेक्सिकन लोकांत आदिवासी वाटा मोठा, तर कॅरिबियन बेटांवरील लोकांत आफ्रिकी वाटा ठळक. त्यामुळे ‘हिस्पॅनिक’ या एका रकान्यातील सरासरी बरेचदा फसवी ठरते.

या विषयाची माहिती मुख्यतः दोन मोठ्या पाहण्यांतून मिळाली. २००० साली सुरू झालेल्या ‘मेसा’ या पाहणीत ४५ ते ८४ वयाचे ६,८१४ लोक होते, त्यांपैकी सु. २२ टक्के हिस्पॅनिक. २००८–११ दरम्यान ब्राँक्स, शिकागो, मायामी व सॅन डिएगो येथे केवळ हिस्पॅनिक लोकांची पाहणी उभी राहिली. तिच्यातील १६,४१५ सहभागींपैकी ८० टक्के पुरुषांत व ७१ टक्के स्त्रियांत हृदयविकाराला पोषक असा किमान एक घटक आढळला.

हिस्पॅनिकांतील सर्वांत ठळक खूण म्हणजे रक्तात वाढलेले ट्रायग्लिसराइड हे मेद आणि घटलेले एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कॉलेस्टेरॉल. तिच्यामागे पोटाभोवतीची चरबी, इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी आणि मधुमेह ही साखळी असते. अशा रुग्णात नेहमीचा एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कॉलेस्टेरॉलचा, आकडा गाफील ठेवू शकतो. समजा, दर डेसिलिटरमागे एकूण कॉलेस्टेरॉल २००, एचडीएल ३५ आणि ट्रायग्लिसराइड ३०० मिलिग्रॅम आहे. फ्रीडवाल्ड यांच्या १९७२ च्या सूत्रात ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ६०, आणि एचडीएल एकूणातून वजा होतात; एलडीएल १०५ निघते आणि रुग्ण निर्धास्त होतो. पण एकूणातून फक्त एचडीएल वजा केले तर उरते १६५, आणि रोहिणीत रुतू शकणारे सारे कॉलेस्टेरॉल या आकड्यात येते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास हे सूत्र वापरूच नये, असा दंडक आहे. म्हणून अशा रुग्णांत हे एचडीएलेतर कॉलेस्टेरॉल किंवा थेट ॲपोलिपोप्रोटीन-बी (ते वाहणाऱ्या कणांवरील प्रथिन) पाहणे अधिक भरवशाचे.

कमी एचडीएल नेहमीच घातक असते, असेही नाही. एबीसीए१ या जनुकाचा आर२३०सी हा प्रकार अमेरिका खंडांतील आदिवासी वारशात आढळतो. तो एचडीएल खाली आणतो. तरीही मेक्सिकोतील एका अभ्यासात तो असलेल्यांना अकाली हृद्‌रोहिणीविकार उलट कमी झालेला दिसला. आकडा आणि आजार यांचे नाते वाटते तितके सरळ नसते, ते असे.

लिपोप्रोटीन(ए) हे जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक निदर्शक आहे. त्याची पातळी आफ्रिकी वारशाबरोबर वाढते व आदिवासी वारशाबरोबर उतरते. साहजिकच मेक्सिकन आणि डॉमिनिकन रुग्णांची सरासरी सारखी नसते. मेसातील हिस्पॅनिकांत दर डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वरची पातळी वाढत्या धोक्याशी निगडित आढळली.

दाह दाखवणारे सीआरपी हिस्पॅनिक स्त्रियांत बरेचदा चढे असते, पण त्यातला मोठा वाटा लठ्ठपणाचा. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सीबाबतही सावधगिरी हवी. रक्तातील साखर सारखी असतानाही ते गोऱ्या लोकांपेक्षा हिस्पॅनिकांत किंचित जास्त भरते.

इतके घटक प्रतिकूल असूनही हिस्पॅनिकांतील मृत्युदर अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. १९८६ मध्ये मार्काइड्स व कोरील यांनी मांडलेल्या या निरीक्षणाला पुढे ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ हे नाव मिळाले. आजारी माणसे मायदेशी परततात आणि त्यांचे मृत्यू अमेरिकेत नोंदले जात नाहीत, असे एक स्पष्टीकरण दिले गेले. परंतु क्यूबातून आलेल्यांना परतणे शक्य नव्हते आणि प्वेर्तो रिकोतील मृत्यू अमेरिकी आकडेवारीतच धरले जातात. तरी फरक उरतोच. उलट सॅन अँटोनिओ येथील पाहणीत मेक्सिकन-अमेरिकनांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा जास्त निघाला, आणि कॉर्पस क्रिस्टी येथे हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. विरोधाभासावर विसंबून उपचार ढिले सोडणे म्हणूनच गैर.

धोका मोजण्याची २०१३ ची अमेरिकी समीकरणे फक्त गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांसाठी होती. हिस्पॅनिकांना गोऱ्यांचेच समीकरण लावत. त्यात मेक्सिकन व्यक्तीचा धोका फुगण्याची, तर प्वेर्तो रिकन व्यक्तीचा कमी दिसण्याची शक्यता असे. २०२३ च्या ‘प्रिव्हेंट’ समीकरणांतून वंशाचा रकाना काढला गेला आणि मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा आकडा आला; एचबीए१सी ऐच्छिक ठेवले आहे. लिपोप्रोटीन(ए) व ॲपोलिपोप्रोटीन-बी मात्र त्यांतही नाहीत. त्यांचे आकडे डॉक्टरांना निराळेच वाचावे लागतात.