परभृत आणि पिंजऱ्यातील दाई

संस्कृतात कोकिळेला ‘परभृत’ म्हणतात आणि कावळ्याला ‘परभृत्’. एक दुसऱ्याने पोसलेला, दुसरा दुसऱ्याला पोसणारा. अमरकोशात ही दोन्ही नावे आहेत. केवळ एका स्वराच्या फरकाने पोष्य आणि पोषक यांची ओळख सांगणारी ही जोडी साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या दाट वस्तीच्या शहरांतही चैत्र लागला की कोकिळ आणि कावळा यांचे हे जुने नाटक रस्त्याकडेच्या झाडांवर सुरू होते. त्याच शहरांतील सज्जांमध्ये, जाळीच्या पिंजऱ्यांत मडकी टांगून फिंच पक्षी पाळले जातात. फिंचच्या एका जातीची अंडी दुसऱ्या जातीच्या जोडीखाली ठेवून पिल्ले वाढवण्याची रीत पक्षीपालनात जगभर रूढ आहे. येथे परभृत आहे आणि परभृत्‌ही आहे. फक्त अंडे हलवणारा हात माणसाचा आहे. या हाताचा इतिहास पाहिला तर ‘परभृत’ या शब्दाकडे नव्याने पाहावे लागते.

प्रथम शब्दाचा इतिहास. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतला आश्रम सोडून निघते, तेव्हा कोकिळेचा आवाज ऐकू येतो आणि तपोवनातील वृक्षांनी तिला दिलेला निरोप म्हणून तो स्वीकारला जातो. तेथे परभृताचा स्वर मंगल आहे. पाचव्या अंकात मात्र दुष्यंत भर दरबारात त्याच पक्ष्याचा दाखला शिवीसारखा वापरतो. स्त्रियांच्या ठायी ‘अशिक्षितपटुत्व’ असते, कोकिळा आपली पिल्ले उडू लागेपर्यंत इतर ‘द्विजां’कडून वाढवून घेते, असे तो म्हणतो. ‘द्विज’ म्हणजे पक्षी आणि ब्राह्मणही. मेनकेने टाकलेल्या आणि कण्वाने वाढवलेल्या मुलीला हे ऐकावे लागते. किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून हे कथानक मराठी प्रेक्षकाच्याही घरचे झाले आहे.

महाभारतातील मूळ कथेचा सूर वेगळा आहे. तेथे निर्जन वनात टाकलेल्या अर्भकाचे रक्षण शकुंत पक्षी करतात आणि म्हणूनच कण्व तिचे नाव शकुंतला ठेवतात. शरीर देणारा, प्राण राखणारा आणि ज्याचे अन्न खाल्ले तो, असे तिघेही पिताच होत, हा धर्मनिर्णयही त्याच प्रसंगात येतो. म्हणजे एकाच परंपरेत पालकत्वाविषयी एक उदार विचार आहे आणि एक संशयही आहे. दोन्हींसाठी दाखला मात्र पक्ष्यांचाच.

आता पिंजऱ्याकडे वळू. फिंचच्या पिंजऱ्यातील दाई म्हणजे ‘बेंगॉलीज फिंच’. नावात बंगाल असला तरी या पक्ष्याचा बंगालशी संबंध नाही. पांढऱ्या पाठीची मनोली हा रानपक्षी अठराव्या शतकात, १७६३च्या सुमारास, चीनमधून जपानमध्ये क्यूशू बेटावरील एका सरदाराकडे आला, असे जपानी अभ्यासक सांगतात. तेथे पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढत त्याचा पाळीव पक्षी झाला. त्याचा रानातील भाऊबंद आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर आजही राहतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांनंतर या देशी मनोलीचा व्यापार बेकायदा आहे. तिचाच परदेशात घडलेला पाळीव अवतार मात्र पिंजऱ्यात चालतो. वंश जवळजवळ एकच. कोणाच्या हाती वाढला यावर त्याचे स्थान ठरते.

या पक्ष्याची कीर्ती झाली ती त्याच्या सोशिकपणामुळे. परक्या अंड्यावर तो बसतो आणि परके पिल्लूही भरवतो. याचा सर्वांत मोठा लाभ ऑस्ट्रेलियातील रंगीत गोल्डियन फिंचच्या पैदाशीला झाला. जॉन गूल्ड यांनी १८४४ साली दिवंगत पत्नी एलिझाबेथ हिचे नाव या पक्ष्याला दिले. ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर जाताना या चित्रकर्तीने आपली तीन लहान मुले इंग्लंडमध्ये आपल्या आईकडे ठेवली होती. तिच्या नावाच्या पक्ष्याच्या वाट्याला पुढे दाई यावी, हा योगायोगच. १९६० साली ऑस्ट्रेलियाने रानपक्ष्यांची निर्यात बंद केली. तेव्हा बाहेरच्या देशांत जे पक्षी होते त्यांच्यापासूनच पैदास करणे भाग पडले. पिंजऱ्यातील गोल्डियन जोडी पुष्कळदा अंडी किंवा पिल्ले टाकून देते. मग ती अंडी बेंगॉलीजच्या मडक्यात जाऊ लागली. अंडी काढून घेतली की मादी पुन्हा अंडी घालते, त्यामुळे संख्याही वाढते. यातला धोका सहज कळण्याजोगा आहे. जे पक्षी स्वतः पिल्ले वाढवत नाहीत त्यांचीही संतती टिकते, आणि वात्सल्याची निवड हळूहळू थांबते.

याहून खोल परिणाम जर्मन संशोधक क्लाउस इमेलमान यांनी दाखवला. १९६०च्या दशकात त्यांनी झेब्रा फिंचची अंडी बेंगॉलीज जोड्यांकडून वाढवून घेतली. त्यांतून निघालेल्या नरांनी पालक पित्याचे गाणे उचलले. मोठे झाल्यावर दोन्ही जातींच्या माद्या समोर ठेवल्या, तर ते प्रियाराधन करीत ते बेंगॉलीज मादीचे. काही नरांना पुढे केवळ स्वजातीच्या मादीबरोबर ठेवले. त्यांनी तिच्याशी संसार केला, पिल्लेही वाढवली. पण पुन्हा निवडीची संधी मिळताच त्यांची ओढ बालपणीच्या रूपाकडेच वळली. दाईने केवळ दाणे भरवले नव्हते; कोणाला आपले म्हणावे हेही तिच्याच घरट्यात ठरले होते.

जपानमध्ये ताकाहासी आणि ओकानोया यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या निष्कर्षाला एक मर्यादा घालतो. रानमनोलीची पिल्ले बेंगॉलीजकडे आणि बेंगॉलीजची रानमनोलीकडे वाढवून त्यांनी गाणी तपासली. बेंगॉलीजची पिल्ले दोन्ही घरांत सारख्याच तयारीने गाणे शिकली. रानमनोलीची पिल्ले स्वतःच्या वाणाचे गाणे अचूक उचलत, परके मात्र तितके नाही. शिकण्याची मोकळीक पाळीव झाल्यावर वाढली. रानातल्या पक्ष्याला जन्मच काही कौल देऊन ठेवतो.

आता पुन्हा कोकिळ. कावळ्याच्या घरट्यात वाढूनही तो कावळ्यासारखा ओरडत नाही. त्याचा स्वर उपजतच त्याच्यापाशी असतो. दुष्यंताचा ‘अशिक्षितपटुत्व’ हा शब्द कोकिळेला म्हणूनच लागू पडतो. ती न शिकताच निपुण आहे. पण त्या शब्दाने माणसाच्या मुलीला मोजणे ही राजाची चूक आहे. शकुंतला कण्वाच्या आश्रमातील बोली बोलते, झाडांना पाणी घालते, हरणाच्या पिल्लाला वाढवते. तिचे सारे शील शिकलेले आहे. पक्ष्यांतच तिचे साम्य शोधायचे तर ते दाईकडून गाणे घेणाऱ्या फिंचशी अधिक आहे. त्यातही एक फरक उरतो. फिंचचे अंडे हलवणारा हात संख्येसाठी हलवतो. कण्वाने मूल उचलले ते पक्ष्यांच्या राखणीतून, दयेने.

‘पोटचा’ आणि ‘पाळलेला’ हे शब्द मराठीत आपण अजून तराजूत घालूनच वापरतो. शकुंतलेच्या प्रसंगात सांगितलेल्या तीन पित्यांच्या यादीत गाणे देणारा पिता नाही. कावळा तो होऊ शकत नाही. मडक्यात बसलेली मनोली मात्र होते. पाचवा अंक वर्गात शिकवताना दुष्यंताची उपमा सुंदर आहे एवढे सांगून पुढे जाण्याऐवजी, ती उपमा शकुंतलेला लागू पडते का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा.