बेथलेहेमचा तारा आणि क्रिमियाचें युद्ध

बेथलेहेम येथील ख्रिस्तजन्माच्या देवळांत, तळघरांतील गुहेच्या फरशीवर, चांदीचा एक तारा बसविलेला आहे. त्यावर लॅटिन लेख आणि १७१७ हा सन कोरलेला आहे. येथील मूळचा तारा १८४७ सालीं नाहींसा झाला. ग्रीक भिक्षूंनीं तो पळविला, असा रोमन पंथीयांचा आरोप होता. कारण लॅटिन लेखाचा तारा म्हणजे त्या जागेवरील रोमन पंथाच्या हक्काचा जणुं दस्तऐवजच. या भांडणाला हंसणें सोपें आहे. परंतु देवस्थानांतील मानपानाचे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना त्यांतील तेढ समजावून सांगावयास नको. आदल्याच वर्षीं जेरुसलेम येथें दोन्ही पंथांचा गुड फ्रायडे एकाच दिवशीं आला, आणि प्रथम पूजा कोणाची यावरून ख्रिस्ताच्या समाधिमंदिरांत मारामारी होऊन चाळीसांहून अधिक माणसें मेलीं.

हीं स्थळें तुर्की सुलतानाच्या राज्यांत होतीं. भिक्षूंचा तंटा एरवीं त्याच्या कचेरींतच जिरला असता. परंतु फ्रान्समध्यें लुई नेपोलियनला कॅथलिकांचा पाठिंबा हवा होता. त्यानें १७४० चा जुना करार बाहेर काढला. रशियाचा झार पहिला निकोलस यानें १७७४ च्या कुचुक कायनार्जाच्या तहावर बोट ठेवलें, आणि त्यांतील मोघम शब्दांतून सुलतानाच्या साऱ्या ऑर्थोडॉक्स प्रजेचें पालकत्व आपल्याकडे येतें, असा अर्थ लावला. निकोलसची श्रद्धा ढोंगी नव्हती. मात्र कॉन्स्टँटिनोपल आणि काळ्या समुद्राचें तोंड हीं त्या श्रद्धेच्या वाटेवरच लागत होतीं, एवढी सोय तींत होती.

१८५२ च्या डिसेंबरांत नवा तारा बसला आणि देवळाच्या किल्ल्या रोमन पंथीयांना मिळाल्या. झारनें संतापून मेन्शिकॉव्ह यास सुलतानाकडे धाडलें. नवलाची गोष्ट अशी कीं, १८५३ च्या मे महिन्याच्या आरंभीं हा स्थळांचा तंटा इंग्रज वकील लॉर्ड स्ट्रॅटफर्ड यांच्या मध्यस्थीनें मिटला होता! पालकत्वाची मागणी तेवढी सुलतानानें नाकारली, आणि जुलैंत रशियन फौजा प्रुथ नदी उतरल्या. झारच्या जाहीरनाम्यांत प्रजेला कारण सांगितलें तें ऑर्थोडॉक्स धर्माच्या रक्षणाचें.

इंग्लंडची अडचण उलट होती. मुसलमान सुलतानाच्या बाजूनें ख्रिस्ती राजाशीं लढावयाचें, हें लोकांच्या गळीं कसें उतरवावें? तें काम बव्हंशीं वर्तमानपत्रांनीं केलें. ३० नोव्हेंबर १८५३ रोजीं रशियन आरमारानें सिनोप बंदरांत तुर्की आरमाराचा नाश केला. तुर्कस्तानानें ऑक्टोबरांतच युद्ध पुकारलें होतें. म्हणजे ही लढाई होती. लंडनच्या पत्रांनीं तिला ‘कत्तल’ म्हटलें. मुख्य प्रधान लॉर्ड ॲबरडीन यांना युद्ध नको होतें, पण त्या शब्दानें पेटलेल्या लोकमतापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. २८ मार्च १८५४ रोजीं युद्ध जाहीर झालें, आणि २६ एप्रिलला सरकारी हुकुमानें देशभर उपवास व प्रार्थना झाल्या.

पुढें ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याच्या पत्रांनीं छावणींतील थंडी, पटकी आणि जखमींची दैना घरोघर पोंचविली. ज्या वृत्तपत्रांनीं ॲबरडीन यांना युद्धांत लोटलें, त्यांच्याच गिल्ल्यांत १८५५ च्या जानेवारीअखेर त्यांचें मंत्रिमंडळ कोसळलें.

त्याच वर्षीं नानासाहेब पेशव्यांचे वकील अजीमुल्लाखान लंडनहून पेन्शनीच्या कामांत विन्मुख होऊन परतत होते. सेव्हास्तोपोलवरील १८ जूनचा हल्ला फसल्याची वार्ता त्यांना वाटेंत माल्टा येथें लागली. जाहीरनामे आणि अग्रलेख यांवर विसंबून न राहतां ते वांकडी वाट करून थेट क्रिमियांतील मोर्च्यांपर्यंत गेले. तेथें त्यांची रसेलशीं गांठ पडली. १८५८ सालीं बंडाची हकीकत लिहिण्यासाठीं रसेल हिंदुस्थानांत आला, तेव्हां त्या भेटीची आठवण त्यानें आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेवली.