हल हाऊसची उन्हाळी शिबिरे

शिकागो शहरातील परदेशी मजुरांच्या वस्तीत जेन अ‍ॅडम्स व एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली ‘हल हाऊस’ स्थापिले. पुढे १९१२ साली लुईझ बोवेन या धनाढ्य बाईंनी दिवंगत पतीच्या स्मरणार्थ वॉकेगन येथील ७२ एकर भूमी संस्थेस दिली. कोंदट खोल्यांत वाढणारी मुले उन्हाळ्यात तेथे झाडांखाली राहू लागली. भूमिदान करणारे पुष्कळ भेटतात; परंतु या बाईंनी खजिनदार होऊन संस्थेचा हिशेबही वर्षानुवर्षे सांभाळला, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. कालांतराने मात्र संस्थेचा बहुतांश खर्च सरकारी पैशावर चालू लागला. तो पैसा आटला, खासगी देणग्या अपुऱ्या पडल्या, आणि जानेवारी २०१२ मध्ये सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या संस्थेस टाळे लागले. मूळ वास्तू आता संग्रहालय आहे.