नाईलचा पूर व दक्षिणी आंदोलन
नाईलचा पूर व दक्षिणी आंदोलन : उष्ण कटिबंधातील वातावरणीय दाबाचे दूरवर पसरलेले चढउतार आणि नाईल नदीच्या वार्षिक पुराचे प्रमाण यांतील संबंध. ईजिप्तमध्ये पाऊस नाममात्र पडतो. तेथील शेती शतकानुशतके या पुरावरच अवलंबून होती.

आस्वान येथे येणाऱ्या पाण्यापैकी सु. ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या पठारावरून निळी नाईल, आटबारा व सोबात या नद्यांतून येते. पठारावरील पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. सरोवरे व दलदली यांमुळे पांढऱ्या नाईलचा प्रवाह वर्षभर बराचसा सारखा राहतो. त्यामुळे पुराचे प्रमाण या पठारावरील पावसानुसार ठरते.

पुराच्या उंचीवरून शेतसारा ठरत असल्याने तिची नोंद काळजीपूर्वक ठेवली जाई. कैरो परिसरातील नोंदी इ. स. ६२२ पासूनच्या असून रोडा बेटावरील नाईलमापकाची सध्याची वास्तू ८६१ मधील आहे. १२०० च्या सुमारास लागोपाठ आलेल्या अल्प पुरांमुळे पडलेल्या भीषण दुष्काळाचे वर्णन अब्द अल्-लतीफ अल्-बगदादी याने केले आहे. मात्र पूर का हुकतो, याचे शास्त्रीय उत्तर विसाव्या शतकापर्यंत मिळाले नव्हते.

हेन्री लायन्स यांनी १९०५ मध्ये ईशान्य आफ्रिकेतील उन्हाळी वातावरणीय दाब व नाईलचा पूर यांचे व्यस्त नाते दाखविले : दाब सरासरीहून अधिक, तर पूर कमी. याच सुमारास भारतात वेगळ्या निकडीतून हाच शोध चालू होता. १८७७ व १८९९ या दोन्ही वर्षी भारतातील मॉन्सून अपुरा पडला व नाईलचा पूरही ओसरता राहिला. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये अतोनात मनुष्यहानी झाली. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी मॉन्सूनचे पूर्वानुमान करण्यासाठी जगभरच्या दाब, तापमान व पर्जन्य यांच्या नोंदींचे सहसंबंध काढले. त्यांत नाईलच्या पुराचाही समावेश होता. पॅसिफिक महासागरावरील दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावरील दाब घटतो व याउलटही घडते, असे त्यांना आढळले. या झोक्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. तथापि त्यामागील कारण त्यांना सांगता आले नाही व त्यामुळे या संशोधनाकडे पुढे बराच काळ दुर्लक्ष झाले.

हे कारण याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडले. एल निन्योच्या काळात मध्य व पूर्व पॅसिफिकचे पाणी तापते, हवेचे ऊर्ध्वगमन पूर्वेकडे सरकते आणि विषुववृत्तालगतचे पूर्व-पश्चिम अभिसरण दुर्बल होते. त्याचा परिणाम म्हणून आफ्रिका-आशियावरील उच्च वातावरणातील पूर्वीय स्रोतवारा मंदावतो व इथिओपियाच्या पठारावर पाऊस कमी पडतो. ला निन्याच्या काळात बहुधा याउलट स्थिती असते.

हा संबंध अटळ नव्हे. नाईलच्या वार्षिक प्रवाहातील नैसर्गिक चढउतारांपैकी सु. एक चतुर्थांश भाग एल निन्योशी निगडित आहे, असे एल्फातिह एल्ताहिर यांनी १९९६ मध्ये दाखविले. १९८४ हे एल निन्योचे वर्ष नसूनही प्रवाह अत्यल्प होता. भारतातही १९९७ मध्ये तीव्र एल निन्यो असूनही मॉन्सूनचा पाऊस सर्वसाधारण झाला. म्हणूनच पूर्वानुमानाला साठवणाची जोड आवश्यक ठरते. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या आस्वान उच्च धरणामुळे १९८० नंतरच्या अवर्षणात ईजिप्तची शेती तगली. परंतु जलाशय खालावत जाऊन १९८८ च्या उन्हाळ्यात चिंता निर्माण झाली. त्याच वर्षी ला निन्याच्या काळात भरपूर पूर आला. त्याने जलाशयाला पाणी मिळाले, पण खार्टूममध्ये मोठी हानीही झाली.

निळ्या नाईलवरील इथिओपियाचे महाधरण २०११ मध्ये सुरू होऊन २०२५ मध्ये कार्यान्वित झाले. लागोपाठच्या अवर्षणात या धरणातून किती पाणी सोडावे, हा इथिओपिया, सूदान व ईजिप्त यांच्यातील वादाचा प्रमुख मुद्दा आहे. अशी अवर्षणे किती दीर्घ असू शकतात, हे ठरविण्यास नाईलमापकाच्या जुन्या नोंदी व पॅसिफिकवरील निरीक्षणे या दोहोंचा आधार घ्यावा लागतो.