राजपुत्र पुण्यात आला तेव्हा



बाहेरच्या फलकावर ‘संगणकावरचे खेळ’ हे शब्द वाचून काही ज्येष्ठ मंडळी दारातूनच परत फिरली असतील तर नवल नाही. हा इतिहासाचा विषय कसा, असं आयोजकांनीही मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं, पेशवाईतल्या गंजिफांवर कुणी बोलणार असेल तर तुम्ही हा प्रश्न विचाराल का? मग त्यांनी मला तारीख दिली.

आज मला प्रामुख्याने अठ्ठावन्न दिवसांबद्दल बोलायचं आहे. १८ ऑगस्ट २०२० ते १५ ऑक्टोबर २०२०. तुम्हाला ते दिवस आठवत असतील. करोना होता, त्या वर्षी गणपती आले पण विसर्जनाची मिरवणूक निघाली नाही, लक्ष्मी रस्ता अनंत चतुर्दशीला मोकळा पडलेला आपण पाहिला. सगळे घरात, आणि घरात म्हणजे पडद्यासमोर. त्या दिवसांत पुण्याशी संबंध असलेली दोन पात्रं जगासमोर आली. एक अगदी नवी मुलगी. दुसरा, ज्याच्याबरोबर माझ्या पिढीचं अर्धं बालपण गेलं असा एक जुना राजपुत्र. मुलीचं कौतुक झालं. राजपुत्राची जगभर टिंगल झाली. आणि ती टिंगल करणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

पण आधी तीस वर्षं मागे जाऊ.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी केला. आपल्याकडे पोचली ती त्याची डॉसवरची आवृत्ती. नव्वदच्या दशकात ज्याला ज्याला कुठे संगणक दिसला, काकांच्या ऑफिसात म्हणा, क्लासमध्ये म्हणा, त्या प्रत्येकाने पांढऱ्या कपड्यांतला तो माणूस धावताना पाहिलाय. त्याचं धावणं खरं वाटायचं, कारण ते खरंच होतं. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उडी मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट संगणकावर उतरवली. म्हणजे आपण पुण्यात बसून एका अमेरिकन शाळकरी मुलाला खड्ड्यातल्या सुळ्यांवर पाडत होतो.

आता यात समूह कुठे आला? आमच्याकडे तेव्हा इंटरनेट नव्हतं. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि घराघरांत ते यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पण समूह होता बरं का. एक उदाहरण देतो. त्या खेळात पहिली पातळी संपली की एक खोली यायची. तिथे बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर जिच्यावर असेल ती बाटली प्यायची, असं फर्मान. ही चोरीच्या प्रतींविरुद्धची युक्ती होती. आमच्याकडे पुस्तिका कुठली? आमच्याकडे फ्लॉपी, तीही कुणाच्या तरी फ्लॉपीवरून घेतलेली. मग काय, ज्याला जे अक्षर चुकून सापडलं ते त्याने लिहून ठेवायचं. आमच्या क्लासमध्ये असा एक वहीचा कागद फिरत होता. चार-पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, दोन ठिकाणी खाडाखोड. माझ्या मते तो कागद म्हणजे मी पाहिलेला पहिला ऑनलाइन समूह, फक्त ऑनलाइन नव्हता इतकंच.

तसंच ‘मेगाहिट’. डॉसच्या काळ्या पडद्यावर खेळाच्या नावापुढे हा शब्द टाइप केला की शिफ्ट आणि एल दाबून पुढच्या पातळीवर जाता यायचं. हा शब्द आमच्यापर्यंत कसा आला, ते मला आजही सांगता येणार नाही. कुणाच्या तरी चुलतभावाला माहीत होता. नेहमी चुलतभावालाच माहीत असायचं.

आणि मग ती सावली. चौथ्या पातळीवर एक आरसा येतो. राजपुत्र त्यातून उडी मारतो आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब बाहेर पडून पळून जातं. पुढे ही सावली त्याला छळते, त्याच्या वाट्याचं औषध पिते, दार बंद करते. मेकनरने हे पात्र आणलं ते काही तत्त्वज्ञान म्हणून नव्हे. संगणकाच्या मेमरीत आणखी एका शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं थोडा फेरफार करून वापरली. शेवटाकडे ती सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं की आपणच मरतो. करायचं काय, तर तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचं. हे स्वतःहून कुणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही. हे सांगावं लागतं. मला एका मोठ्या मुलाने जिन्यात उभं राहून हळू आवाजात सांगितलं होतं, एखादी घरगुती भानगड सांगावी तसं.

मेकनरने त्या काळातल्या आपल्या रोजनिशा जपल्या आणि पुढे छापल्या. खेळाचा मूळ प्रोग्रॅम मात्र हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या जुन्या डिस्क सापडल्या आणि त्याने तो प्रोग्रॅम जगासाठी खुला केला. (खेळाचं संगीतही या वडिलांचंच.) म्हणजे खेळ करणाऱ्याचं दप्तर शाबूत आहे. खेळणाऱ्यांचं? तो वहीचा कागद कुणाकडे आहे?

पुढचा टप्पा सायबर कॅफेंचा. इथे नायक वेगळाच होता, म्हणजे नव्हताच. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून दोन तरुणांनी, मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी, तयार केलेला खेळ. त्यात पात्रांना नाव नाही, गोष्ट नाही. नाव तुम्ही टाइप कराल ते. आमच्या कॅफेत एक ‘बाकरवडी’ होता, एक ‘खडकवासला’ होता. खडकवासला नेहमी उशिरा सुटायचा. दहा संगणक एका तारेने जोडलेले, त्यामुळे सगळे एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. ‘अरे लाँगला आहे, लाँगला!’, ‘मागून आला रे!’ ही भाषा. नकाशातल्या जागांची नावं इंग्रजी, क्रियापदं मराठी, शिव्या अस्सल सदाशिव पेठी, म्हणजे टोचणाऱ्या पण छापता येण्यासारख्या. कॅफेचे मालक, त्यांना आम्ही काका म्हणायचो, ते तास संपला की न सांगता बटण दाबायचे. तासाचा हिशेब ठेवावा तर त्यांनी.

हे सगळं बंद कसं पडलं? स्वस्त ब्रॉडबँड आणि घरचे संगणक हे एक कारण. दुसरं कारण आपल्याला जास्त लागलं. फेब्रुवारी २०१० मध्ये कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीचा स्फोट झाला, आणि त्यानंतर शहरात सगळीकडेच ओळख-तपासणी आली. एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ओळखपत्र दाखवल्याशिवाय बसायचं नाही. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाबरोबर मोठं माणूस हवं. खणांच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत. आता चौदा वर्षांचा मुलगा आईला घेऊन काउंटर-स्ट्राइक खेळायला येणार आहे का? नियम चुकीचे होते असं मी म्हणत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून टोचते. कोण आलं, किती वेळ बसलं याची नोंदवही कॅफेवाल्याने ठेवायची, किमान एक वर्ष. वर्षानंतर ठेवण्याचं बंधन नाही. म्हणजे पुण्यात कोण खेळत होतं याची लिखित यादी काही काळ खरोखर तयार होत होती, आणि ती दरवर्षी रद्दीत जात होती.

तर आता २००३ आणि मग थेट २०२०.

२००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने राजपुत्राला नवा जन्म दिला, ‘द सँड्स ऑफ टाइम’. मेकनर त्यात होता. राजपुत्र आता भिंतीवरून धावायचा आणि खंजिराने काळ उलटा फिरवायचा. यातली गंमत आपल्याकडे फारशी कुणी बोलत नाही. गोष्ट सुरू होते ती हिंदुस्थानात. इराणी फौज एका महाराजाचा वाडा लुटते, आणि खेळातली नायिका फारा ही त्या महाराजाची मुलगी. म्हणजे आपला लाडका नायक कथेच्या पहिल्या प्रसंगात आपलंच घर लुटायला आलेला असतो.

याच कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासूनचा. आधी तो गेमलॉफ्टचा होता. बरीच वर्षं त्यांनी दुसरीकडे ठरलेल्या खेळांना हातभार लावला, ‘जस्ट डान्स’ त्यातला एक. आणि मग पुणे आणि मुंबई या दोन स्टुडिओंकडे ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करायचं काम आलं. त्या कंपनीच्या भारतातल्या स्टुडिओंनी इतका मोठा खेळ स्वतःच्या नेतृत्वाखाली करण्याची ही पहिली वेळ होती. १० सप्टेंबर २०२० ला त्याची झलक जगाला दाखवली गेली.

पुढे काय झालं ते इंटरनेटवर वावरणाऱ्यांना ठाऊक आहे. राजपुत्राचा चेहरा मेणाचा दिसतो, उजेड सपाट आहे, हा खेळ दहा वर्षांपूर्वीचा वाटतो, अशा प्रतिक्रियांचा पूर आला. जुना चेहरा आणि नवा चेहरा शेजारी ठेवलेली चित्रं फिरली. त्यातलं एक मी आमच्या जुन्या कॅफेच्या मित्रांच्या ग्रुपवर पाठवलं, खाली हसण्याचे तीन चेहरे टाकून. थोड्या वेळाने ‘खडकवासला’ने लिहिलं : अरे, हे आपल्या पुण्यात झालंय.

मला माहीत नव्हतं. मी बातमी वाचलीच नव्हती, फक्त चित्र पाहिलं होतं.

टीका खोटी होती असं नाही. ती झलक मी पुन्हा तीन-चार वेळा पाहिली, चेहरा खरोखरच जमला नव्हता. पण मग मी २००३ चा मूळ खेळ काढून पाहिला, आणि मला धक्का बसला. तोही आठवणीतल्यासारखा नव्हता! बोटं चिकटलेली, केस एका ठोकळ्याचे. आम्ही सतरा वर्षं मनातल्या मनात त्याला सुधारत आलो होतो. त्याआधीच्या राजपुत्राला तर चेहराच नव्हता, काही ठिपके होते, बाकीचं आम्ही भरलं. पुण्या-मुंबईच्या त्या चित्रकारांची स्पर्धा जुन्या खेळाशी नव्हतीच. ती आमच्या आठवणीशी होती, आणि आठवणीशी कोण जिंकणार? मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ‘भारतात केल्यावर दुसरं काय होणार’ अशा सुराच्या प्रतिक्रिया मी वाचल्या, आणि त्यातल्या काही आपल्याच लोकांच्या होत्या.

खेळ जानेवारी २०२१ मध्ये येणार होता. तो मार्चवर गेला, मग बेमुदत पुढे ढकलला, आणि मे २०२२ मध्ये ते काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलला देण्यात आलं.

आता ती मुलगी. राजी. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा खेळ. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकला. पुण्यात फ्लॅट विकून खेळ करणं म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही. (हशा) राक्षस तिच्या भावाला, गोलूला, पळवतात आणि ही मुलगी त्रिशूळ घेऊन निघते. भिंतींवर पहाडी शैलीतली चित्रं, मधूनमधून छायाबाहुल्या, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. राजी भिंतीवरून धावते, खांबावरून खांबावर झेप घेते. हे कुणाकडून आलं, ते वेगळं सांगायला नको. वर्षअखेरीस जगातल्या सर्वात गाजलेल्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पाच नामांकनांत तिचं नाव होतं. पारितोषिक ‘फास्मोफोबिया’ला गेलं.

पण १८ ऑगस्टला राजी आली ती फक्त निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर. ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. पुण्यात जन्मलेली मुलगी सगळ्या जगाला भेटली आणि पुण्यातल्या पीसीवाल्यांनी तिला १५ ऑक्टोबरपर्यंत फक्त दुसऱ्यांच्या व्हिडिओंत पाहिलं. तोवर तिच्याबद्दलचं बोलणं सुरू होऊन गेलं होतं, बहुतेक इंग्रजीत, आणि आमच्या ग्रुपवर त्या दोन महिन्यांत राजीचं नाव एकदाच आलं. मी मागे जाऊन मोजलंय. राजपुत्राच्या चेहऱ्यावर एका रात्रीत शंभरावर निरोप होते. मधे २ सप्टेंबरला सरकारने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हाही ग्रुप दोन दिवस पेटलेला होता.

राजीला अजून ते जिन्यातलं कुजबुजणं मिळालेलं नाही. कदाचित मिळेलही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत तिला हिंदी आवाज मिळाला. मराठीत ती ‘गोलू’ कशी हाक मारेल, हे मला ऐकायला आवडेल.

माझी एक विनंती आहे. माळ्यावरच्या खोक्यांत जुन्या फ्लॉपी, कॅफेच्या पावत्या, कोड लिहिलेल्या वह्या सापडल्या तर टाकू नका. बाहेर टेबलावर माझा पत्ता ठेवलाय.

प्रश्न असतील तर विचारा. हो, मागे त्या ताई... नाही, प्रामाणिकपणे खेळून मी राजकन्येपर्यंत एकदाही पोचलो नाही. साठ मिनिटं मला कधीच पुरली नाहीत. मेगाहिट वापरूनच.