कुरणात भरलेली शाळा

डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवर शाळेची घंटा व्हायच्या आधी गुरं सुटायची आणि गुरांमागे पोरं. सात-आठ वर्षांचा मुलगा काठी घेऊन निघाला की दिवेलागणीलाच परत. त्याच्याएवढी बहीण घरी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली. शाळा उघडली तरी वर्ग ओस पडायचा, तो यामुळे.

हे गुरं राखणं हौसेचं नव्हतं. कर्ज आणि वेठबिगार यांनी इथली घरंच्या घरं बांधून टाकली होती, आणि लहान हातांनाही कामातून सुटका नव्हती. 1945 साली गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली या वेठीविरुद्ध उठले. त्याच वर्षी शेजारच्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

ताराबाई भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या हाताखाली तयार झालेल्या. माँटेसरी पद्धतीचं विकतचं साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं, म्हणून बोर्डीत शंख-शिंपले, बिया, खडे, काटक्या गोळा झाल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे याच विचाराचं पुढचं पाऊल पडलं: कुरणशाळा. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षकाने जायचं, झाडाखाली मुलं जमवायची, आणि एक डोळा गुरांवर ठेवूनच त्यांना शिकू द्यायचं.

या शाळेतल्या मुलांची प्राण्यांशी ओळख करून द्यायची गरजच नव्हती. गुराख्याचं पोर कळप नुसता मोजत नाही, ओळखतं. ढवळी कुठली, तांबडी कुठली, कपाळावर चांद असलेली कुठली आणि एक शिंग मोडलेली कुठली, हे त्याला लांबून कळतं. शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाला ओरबाडते, गाय खाली मान घालून गवत खाते, म्हैस डबकं दिसलं की बसते. गायीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे पुस्तकात वाचून कित्येक मोठी माणसं चकित होतात. वासराच्या तोंडात बोट घातलेल्या मुलाला ते ठाऊक असतं. घरातला म्हातारा बैलाचा ओठ वर करून तो दोनदाती की चारदाती ते दाखवतो, आणि दातांवरून वय काढायचं शिक्षण गोठ्यातच होतं. चरणाऱ्या गुरांच्या पायाशी गायबगळे का घुटमळतात आणि कोतवाल म्हशीच्या पाठीवर का बसतो, याचं उत्तरही तिथेच: गवत हललं की किडे उडतात. जीवशास्त्राचा एवढा मोठा धडा कुठल्या फळ्यावर मावला असता?

मुंबईतल्या मुलांची प्राण्यांकडे जायची वाट वेगळी होती. 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात सलीम अली मार्गदर्शक व्याख्याते म्हणून रुजू झाले. तिथे काचेमागे पेंढा भरलेले प्राणी-पक्षी होते आणि ते समजावून सांगायला सलीम अलींसारखा जाणकार. शहरातल्या मुलाला हे भाग्यच. पण काचेमागचा पक्षी चरत नाही, भीत नाही, पिल्लाला हाक मारत नाही. ते बघायला माणसाला प्राण्याजवळ तासन्‌तास थांबावं लागतं, आणि कुरणातल्या मुलाकडे तो वेळ, नाइलाजाने का होईना, भरपूर होता.

घरच्या रीतीही शिकवत होत्या. दिवाळीच्या तोंडावर वसुबारसेला देशावर गाय-वासराची पूजा होते. डोंगरपट्ट्यातले आदिवासी तोच दिवस वाघबारस म्हणून पाळतात. गुरं राखणाऱ्याला वाघाशीही नातं ठेवावंच लागतं. वाघोबाच्या दगडापुढे उभ्या राहिलेल्या मुलाला कळायचं, की ज्या रानात आपण गाय चारतो ते वाघाचंही घर आहे. त्याच परिसरातल्या वारली भित्तिचित्रांत बैल, कोंबड्या, मोर माणसांच्या बरोबरीने वावरतात.

1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. अंगण देशभर पोचलं. कुरणाच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही, याची हळहळ वाटते. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलं आज पाळीव प्राण्यांची चित्रं रंगवतात, आणि त्याच वर्गात मागच्या बाकावर एखादं पोर असतं, ज्याने सकाळीच गायीच्या कानामागची गोचीड काढलेली असते.