गुरुत्वाकर्षणाची पारख : ग्रहणाच्या सावलीपासून मंगळाच्या कक्षेपर्यंत

गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पारखायचा, तर बराच काळ खग्रास सूर्यग्रहणाची वाट पाहावी लागे. सूर्यबिंब झाकले गेले, की त्याच्या कडेजवळचे तारे दिसतात. त्यांचा प्रकाश सूर्यामुळे किती वळतो, हे मोजता येते. न्यूटनच्या हिशेबाने हे वळण 0.87 विकला, तर आइन्स्टाइनच्या हिशेबाने 1.75 विकला. 29 मे 1919 च्या ग्रहणातील मोजमापांनी कौल आइन्स्टाइनच्या बाजूने दिला.

1961 मध्ये ब्रान्स आणि डिकी यांनी पर्यायी सिद्धांत मांडला. त्यात हे वळण आइन्स्टाइनच्या आकड्याहून किंचित कमी भरत होते. 30 जून 1973 च्या ग्रहणात मॉरिटानियाच्या वाळवंटात मोजणी झाली, पण तिच्यातील त्रुटीच 11 टक्क्यांची. एवढ्या बारीक फरकाचा निवाडा तिच्याने होईना. पुढच्या दोन वर्षांत रेडिओ दुर्बिणींनी क्वेसारच्या किरणांचे वळण सुमारे एक टक्का अचूकतेने मोजले. त्यासाठी ग्रहणाची गरजच नव्हती.

त्यामुळे 16 फेब्रुवारी 1980 रोजी दुपारी ग्रहणाची सावली कारवारच्या किनाऱ्याकडून हुबळी-धारवाडवरून रायचूरकडे गेली, तेव्हा या पट्ट्यात तळ ठोकलेल्या शास्त्रज्ञांचे लक्ष मुख्यतः सूर्याच्या प्रभामंडलावर होते. दोन-अडीच मिनिटांच्या त्या अंधाराकडून गुरुत्वाकर्षणाचा निकाल आता कोणी मागत नव्हते.

दरम्यान दुसरी कसोटी पुढे आली होती, आणि तिच्याशी कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे नाव जोडलेले आहे. 1964 मध्ये केंब्रिजमध्ये त्यांनी आणि फ्रेड हॉइल यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व तिचे एकटीचे नसून विश्वातील इतर सर्व पदार्थांमुळे येते, हा माख यांचा विचार त्याच्या मुळाशी होता. 1970 च्या दशकारंभी या सिद्धांताला जे रूप आले, त्यात गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक काळानुसार घटतो असे निघाले. घट वर्षाला साधारण हजार कोटी भागांत एक.

हा आकडा नगण्य वाटतो, पण त्याचे परिणाम मोजता येण्याजोगे आहेत. ओढ घटली, की कक्षा त्याच प्रमाणात रुंदावते. या हिशेबाने चंद्र दरवर्षी पावणेचार सेंटिमीटरने दूर जायला हवा. अडचण अशी, की भरती-ओहोटीमुळे तो जवळपास तेवढाच सरकतो. मात्र भरतीमुळे रुंदावलेल्या कक्षेत चंद्राची गती जितकी मंदावते, त्याहून ओढ घटल्याने ती अधिक मंदावते. म्हणून अंतर आणि गती दोन्ही मोजली, की कारणे वेगळी काढता येतात. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकामुळे लेसरने हे अंतर मोजणे शक्य झाले.

मंगळाची कक्षा तर वर्षाला सुमारे 23 मीटरने वाढायला हवी होती. 1976 मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांशी रेडिओ संदेशांची देवाणघेवाण करून पृथ्वी-मंगळ अंतर काही मीटरपर्यंत अचूक मोजले गेले. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अशी वाढ आढळली नाही; घट असलीच, तर ती या अंदाजाच्या काही टक्क्यांहून अधिक नव्हती. चंद्रावरील लेसर मोजणीने पुढे ही मर्यादा वर्षाला दहा लाख कोटी भागांत एकाच्या आसपास आणली आहे. स्थिरांक याहून पुष्कळ वेगाने बदलतो असे सांगणारा सिद्धांत आता या कसोटीवर टिकत नाही.